खाडीतून घारापुरीला : शिडाच्या बोटीवर पहिल्यांदाच खलाशी म्हणून जाणाऱ्यांसाठी

बेलापूर किंवा नेरूळच्या धक्क्यावरून शिडाची बोट किनाऱ्या-किनाऱ्यानं निघाली, की नव्या खलाशांचा पहिला थांबा बहुतेक वेळा घारापुरीचा असतो. अंतर साधारण सहा-सात सागरी मैल. चार-पाच नॉटच्या, म्हणजे तासाला चार-पाच सागरी मैलांच्या, वेगानं दीड-दोन तासांत पोचता येतं, पाणी बंदराच्या आतलं, आणि उतरल्यावर लेणी आहेत. एवढं जवळ म्हणून अनेक जण सहलीच्या तयारीनं येतात : एक पाण्याची बाटली, चपला आणि चार्ज केलेला मोबाइल. बेटावरचा थांबा हा मात्र प्रवासाचाच एक भाग आहे. बोट पाण्यावर उभी असते, पाणी खालून सरकत असतं, आणि बोटीवरच्या प्रत्येकाला काही ना काही काम असतं. ते काम कोणतं, हे नव्यानं येणाऱ्याला आधीच कळावं म्हणून हे लिहितो आहे.

तारीख ठरवण्याआधी तिथी पाहा

सुट्टी कोणत्या रविवारी आहे हे नंतर. आधी कालनिर्णय उघडा आणि तिथी पाहा. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, आणि खाडीत आत भरती मुंबई बंदरापेक्षा थोडी उशिरा येते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात वेळ आणि उंची दोन्ही बघून घ्यायची. पण महिना-दीड महिना आधी बेत आखायला पाऊणपट पुरते.

आता हा हिशेब आपल्या प्रवासाला लावून पाहा. आपल्याला सकाळी भरतीच्या माथ्यावर निघायचं आहे, म्हणजे उतरतं पाणी आपल्याला खाडीबाहेर घेऊन जाईल. दुपारी ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की त्याच पाण्याबरोबर परत यायचं आहे. दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला. ओहोटी दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान. नवख्यांना घेऊन जायला दोन्ही पक्षांतले मिळून महिन्यातले हेच सहा दिवस सर्वांत चांगले, आणि त्याला आणखी एक कारण आहे. अष्टमीनंतरचे हे दिवस भांगाचे. भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे पाण्याला ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईच्या पाण्यात चार मीटरच्या वरही फरक पडतो. सकाळी जिथं बोट तरंगत होती तिथं दुपारी चिखलात खेकडे फिरताना दिसतात. उधाणाच्या दिवशी नव्या माणसाला बोटीवर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. आणि हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात या प्रवासाचा विचार नको. कोळी बांधव परंपरेनं नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या समुद्रात घालत नाहीत, यामागे श्रद्धा आहेच आणि समुद्राचा अभ्यासही आहे.

अंगावर काय, पिशवीत काय

पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बांधता येईल अशी टोपी, ओल्या लाकडावर न घसरणारे बूट. चपला नकोत. दोरात पायाचं बोट अडकून नखं निघतात. प्रत्येकी किमान तीन लिटर पिण्याचं पाणी घ्या. बेटावर लेण्यांपाशी प्राचीन टाकी आहेत, पण प्यायच्या पाण्याची तिथं कायमच ओढाताण असते. गावकऱ्यांच्या वाट्याच्या पाण्यावर आपण हात मारायचा नाही. ओळखपत्र सोबत ठेवा. २००८ च्या हल्ल्यानंतर या पाण्यात कडक पहारा आहे आणि पोलिसांची गस्ती बोट थांबवून विचारू शकते. दोन फोन क्रमांक पाठच करून टाका : तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर कायम चालू असतो. तो कसा दाबून बोलायचा हे धक्क्यावरच तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडून, शिकून घ्या.

लाइफ जॅकेट धक्क्यावर घालायचं आणि धक्क्यावरच काढायचं. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसं गेली. दुपारची वेळ होती, हवा स्वच्छ होती. याच पाण्यावरून आपण जाणार आहोत. जॅकेटचा खालचा पट्टाही आवळलेला हवा, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि तोंड खाली राहतं.

बोट लागते अशी शंका असेल तर उपाशी पोटी येऊ नका. पोळी, केळं, थोडं आलं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याआधी. मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. मळमळलं तर खालच्या केबिनमध्ये जाऊन झोपू नका, वर बसा आणि लांबच्या किनाऱ्याकडे नजर ठेवा. तांडेल अशा वेळी मुद्दाम सुकाणू हातात देतो, आणि बहुतेकांना त्यानं बरं वाटतं.

खाडीतून बाहेर पडताना

सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, हलका आणि थंड. खाडीतून पश्चिमेला निघालेल्या बोटीला तो पाठीमागून मिळतो. तरी खाडीत इंजिन चालूच ठेवतात, कारण वळायला जागा कमी. नव्या माणसाला मी इथं एकच काम सांगतो : मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते दर पाच मिनिटांनी बघ. खाडीत प्लास्टिकच्या पिशव्या फार. एखादी पिशवी बुडाला चिकटून इंजिनाचं थंड पाणी बंद करते, पाण्याची धार बारीक होते, मग वाफ येते, आणि ऐन पुलाखाली इंजिन बंद पडतं. धार बारीक झालेली दिसताच ओरडून सांगायचं.

दिवाळे, सारसोळे इथले कोळी या खाडीत मासेमारी करतात. पाण्यावर डबे, थर्माकोल किंवा झेंडा लावलेली काठी दिसली की खाली जाळं आहे असं समजा. जवळ होडी असेल तर हात करून विचारा, "दादा, जाळं कुठपर्यंत आहे?" ते हातानं बाजू दाखवतात, आपण त्या बाजूनं जायचं. जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं तर आपला प्रवास संपतो आणि त्यांचं काही हजारांचं नुकसान होतं.

खाडीच्या तोंडापासून घारापुरीकडे वळलं की अटल सेतू आडवा येतो. जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातला बहुतांश भाग पाण्यावर. बोटी-जहाजांसाठी ठेवलेल्या मोठ्या गाळ्यांमधूनच जायचं, कुठल्याही दोन खांबांमधून नाही. डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची, त्यावर अँटेना, आणि भरतीच्या पाण्यापासून पुलाच्या तळापर्यंतची मोकळी जागा हे तिन्ही आकडे तांडेलानं नकाशावरून आधीच जुळवलेले असतात. तुम्ही तरीही विचारा. विचारल्याबद्दल चांगला तांडेल रागावत नाही. खांबांजवळ पाण्याला भोवरे असतात आणि वारा क्षणात गायब होऊन दुसऱ्या बाजूनं येतो, त्यामुळे शिडाची बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, अचानक फिरू शकते. पुलाखालून जाताना सगळ्यांनी खाली बसायचं.

पुढे जहाजांचे मार्ग आहेत. एका अंगाला जवाहरद्वीप, म्हणजे जुनं बुचर बेट, तेलाच्या टँकरांचं. तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, फोटोसाठीही नाही. दुसऱ्या अंगाला न्हावाशेवा. शिडाच्या बोटीला समुद्रात पहिला मान असतो असं कुणी सांगितलं असेल, तर अरुंद मार्गात तो लागू नाही. तिथं मोठ्या जहाजाची वाट आपण अडवायची नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि शेकडो मीटर लांबीचं कंटेनर जहाज आपल्यासाठी थांबूही शकत नाही. मार्ग ओलांडायचा तो सरळ काटकोनात आणि झटपट.

नांगर

सगळ्या थांब्याचा जीव इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेतबंदरचा लांबलचक धक्का बेटाच्या वायव्येकडे आहे. प्रवाशांच्या फेरीबोटी तिथंच लागतात, तिथं आपली बोट बांधून ठेवायची नाही. धक्क्यापासून आणि फेरीबोटींच्या वाटेपासून दूर, पुरेसं पाणी असलेल्या जागी नांगर टाकायचा. तळ सगळा गाळाचा. मऊ गाळात रुंद पात्यांचा नांगर चांगला धरतो, पण त्याला रुतायला वेळ द्यावा लागतो.

आधी हिशेब. समजा आज भरती-ओहोटीतला फरक दोन मीटर आहे आणि तुम्ही भरतीनंतर तीन तासांनी पोचलात. पाणी सहा तास सारख्या वेगानं उतरत नाही. फरकाचे बारा हिस्से करा : पहिल्या तासात एक हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे तीन तासांत निम्मं, एक मीटर, उतरलेलं आहे आणि एक मीटर अजून उतरायचं आहे. आत्ता खोली चार मीटर दिसत असेल तर ओहोटीला तीन राहील. बोटीचा कणा पाण्यात सव्वा मीटर जात असेल तर खाली पावणेदोन मीटर उरतात, ठीक आहे. दोर मात्र भरतीच्या खोलीवर मोजायचा. पाच मीटर पाणी, अधिक पाण्यापासून नाळेपर्यंतचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतचा, एक मीटर, सहा झाले. त्याच्या पाचपट, तीस मीटर दोर सोडायचा. वारा वाढणार असेल तर सातपट. हेच गणित चार मीटर फरकाच्या दिवशी करून पाहा, म्हणजे उधाणाबद्दल मी वर का बोललो ते कळेल.

मग कृती. शीड उतरवून बांधलेलं, इंजिन चालू. सुकाणूवरचा माणूस बोटीचं तोंड पाण्याच्या ओढीकडे किंवा वाऱ्याकडे, ज्याचा जोर जास्त त्याकडे, करतो आणि बोट थांबवतो. नाळेवरचा नांगर फेकायचा नाही. हातानं, साखळीवर साखळी, खाली सोडायचा. तळाला टेकला की हाताला वजन एकदम हलकं झाल्याचं कळतं. तेव्हाच तोंडानं सांगायचं, "लागला!" बोट हळूहळू मागे सरकू लागते, तसा दोर सोडत जायचा, एका जागी ढीग पडला तर साखळीच नांगराच्या पात्यात गुंतते. पाय कधीही दोराच्या वेटोळ्यात ठेवू नका. ठरलेला दोर सोडून झाला की तो खुंट्याला पक्का करून इंजिन हलक्या हातानं मागे घ्यायचं आणि ताणलेल्या दोरावर तळहात ठेवायचा. दोर ताठ आणि शांत असेल तर नांगर रुतला. खरखर, धडधड जाणवली तर तो तळावरून घसरतो आहे. पुन्हा उचला, पुन्हा टाका. यात कमीपणा काही नाही, जाणते तांडेलही दोनदा-तीनदा टाकतात.

शेवटी खुणा. किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन गोष्टी निवडा, जवळचा धक्क्याचा दिवा आणि त्यामागचं एखादं मोठं झाड, असं काहीतरी. दुसऱ्या दिशेला आणखी एक जोडी. या खुणा वहीत लिहून ठेवा. जोडी फुटली, म्हणजे दिवा आणि झाड एकमेकांपासून लांब दिसू लागले, तर बोट जागेवरून हलली आहे. बोट जागेवरून हलली की वाजणारा मोबाइलवरचा अलार्मही लावा, पण डोळ्यांच्या खुणा आधी.

कोण उतरणार, कोण राहणार

सगळे एकदम उतरायचं नाही, कितीही शांत पाणी असलं तरी. निम्मे खाली, निम्मे बोटीवर, आणि बोटीवर राहणाऱ्यांत इंजिन चालू करता येणारा आणि नांगर उचलता येणारा माणूस हवाच. दर पंधरा मिनिटांनी खुणा पाहायच्या. ओहोटी संपून पाणी फिरतं तेव्हा बोट नांगराभोवती उलटी वळते. त्या अर्ध्या तासात जास्त लक्ष, कारण वळताना नांगर उपटला जाऊ शकतो.

वाऱ्याचंही ध्यान ठेवा. दुपारी खारे वारे सुटतात ते वायव्येकडून, म्हणजे शेतबंदरच्या बाजूला उभ्या असलेल्या बोटीला सरळ बेटाकडे ढकलणारे. मार्च-एप्रिलमध्ये ते चांगले जोरात येतात आणि पाणी खवळतं. म्हणून सकाळी दहा-साडेदहाला उतरलेली पहिली तुकडी साडेअकरापर्यंत, आणि दुसरी तुकडी एक-दीडपर्यंत बोटीवर परतलेली हवी. अशानं प्रत्येकाच्या वाट्याला तास-सव्वा तासच येतो. तेवढा पुरतो, फक्त भटकत बसायचं नाही.

धक्क्यावर डिंगीनं, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीनं, जाताना फेरीबोट लागत नाही ना ते पाहा, तिथल्या माणसाला विचारून पायऱ्यांशी जा, माणसं उतरवून डिंगी लगेच परत न्या. डिंगीत एकेकानं मध्यभागी पाय ठेवून उतरायचं, उभं राहायचं नाही.

बेटावरचा तास

धक्क्यावरून छोट्या गाडीनं किंवा चालत पायथ्याशी या, मग साधारण १२० पायऱ्या. हातात खाऊची पिशवी उघडी दिसली की माकडं आलीच. सगळं पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. वेळ थोडा आहे तर टेकडीवरच्या तोफा सोडून द्या आणि पहिल्याच, मोठ्या लेण्यात थांबा. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे काम, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. समोर जवळजवळ सहा मीटर उंचीचा सदाशिव, लोक ज्याला त्रिमूर्ती म्हणतात. त्याच्यासमोर सगळे उभे राहतात. तुम्ही दोन्ही बाजूंचे पटही पाहा, एकीकडे अर्धनारीश्वर, दुसरीकडे गंगा जटेत झेलणारा शिव. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं लागतात, तोवर मोबाइल बाहेर काढू नका. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्ती आता इथं नाही, तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं या बेटावर राहतात. समोर मुंबई झगमगत असताना इथं समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये. आपण पाहुणे आहोत. पायऱ्यांवर बसलेल्या मावशींकडून काकडी, कैरी, बोरं, ताक घ्या, घासाघीस करू नका. जेवायचं असेल तर परतीची वेळ सांगूनच बसा. घराच्या ओटीवर वाळत घातलेल्या मासळीचे आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. बेटावर पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत, तेव्हा "आज इथंच थांबू या का?" हा विषय काढू नका. आपला कचरा आपल्याबरोबर परत.

परत निघताना

तीनच्या आसपास पाणी चढायला लागलं आणि सगळी डोकी मोजून झाली, की निघायचं. आधी इंजिन, मग नांगर. सुकाणूवरचा बोट हळू पुढे घेतो, नाळेवरचा हातानं नांगराची दिशा दाखवतो, सैल झालेला दोर ओढून घेतला जातो. दोर सरळ खाली उभा झाला की तिथं थोडं थांबा, बोट स्वतःच्या वजनानं नांगर उपटते. पाठीनं जोर लावायचा नाही, गुडघे वाकवून. साखळीवर काळा, वासाचा गाळ येईल. बादलीनं पाणी मारत मारतच ती आत घ्या, नाहीतर तो गाळ डेकवर पसरतो आणि पुढचा प्रत्येक पाय घसरतो.

येताना वारा डाव्या बाजूनं मिळतो. शिडाच्या बोटीला बाजूचा वारा सर्वांत लाडका. सकाळी जे इंजिनाच्या आवाजात आलात ते आता शिडावर परत जाल, आणि दिवसातला खरा आनंद या तासाभरात आहे. पण पुलाच्या आधी शीड लहान करायची वेळ ठरवून ठेवा, कारण खाडीत शिरल्यावर हाच वारा पाठीमागून येतो आणि बूम फिरण्याची भीती वाढते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सहानंतर लवकर अंधारतं, जाळ्यांच्या काठ्या दिसत नाहीत. तेव्हा निघायला साडेतीनच्या पुढे उशीर नको.

बोट परत न येता पुढे मांडवा-खांदेरीकडे जाणार असेल, तर घारापुरीला जे शिकलात तेच तिथं जास्त कसून करावं लागतं. खांदेरी अलिबागजवळच्या थळच्या समोर, उघड्या समुद्रात आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो किल्ला बांधायला घेतला तो याच कारणानं, की तिथून मुंबई बंदराच्या तोंडावर नजर राहते. तिथं गाळाऐवजी खडक आहेत, नांगर खडकात अडकतो, आणि लाट असेल तर धक्क्याला लागताच येत नाही. तांडेल म्हणाला, "आज उतरायचं नाही," तर वेताळाच्या देवळाला बोटीतूनच हात जोडा आणि डबा तिथंच उघडा.